आईवर लिहायला बसतोयस? मग आधी एवढं कर

अरे घाबरू नकोस, आईचं आजारपण लिहिलं म्हणजे तिची बदनामी होत नाही. माझ्या आईला बायपोलर (मन कधी उधाणतं, कधी पार खचतं, असा मानसिक आजार), एकदा रात्री दोनला पुरण घाटायला बसली आणि पहाटे गरम पोळ्या घेऊन अख्ख्या मजल्याच्या बेल वाजवत सुटली, मी नववीत, लाजेने मेलो होतो, आता तेच आठवून ताई नि मी पोट धरून हसतो (पोळ्या मात्र झकास झालेल्या).

- सुरुवात डॉक्टरच्या फाइलीवरून नको, तिच्या एखाद्या सवयीवरून कर.
- हसायचं प्रसंगाला नि स्वतःला, तिच्या आजाराला नाही. नवीन माणूस इथेच घसरतो, नाहीतर तिला थेट देवी करून टाकतो.
- राग आला तर तोही लिही.

छापायचं वगैरे नंतर बघू. फारच ढवळून निघालास तर टेली मानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६ वर फोन कर, फुकट आहे, मराठीतही बोलतात.