दहा मैदाने, एक निधी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

आयपीएलचे दिवस जवळ आले की या सदराकडे एका विषयाची पत्रे हमखास येतात : देशभरच्या मैदानांवर जाऊन सामने पाहायचे आणि त्या निमित्ताने एखाद्या संस्थेसाठी पैसे उभे करायचे. यंदाच्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही चार मित्र दहाही संघांच्या घरच्या मैदानावर एकेक सामना पाहणार आहोत. कर्करोगग्रस्त मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला पाच लाख रुपये मिळवून द्यायचे आहेत. जमलेल्या पैशातूनच प्रवास आणि तिकिटे भागवली तर चालेल का? (वाचक, नाशिक)

नाही. एक रुपयाही नको. लोक पैसे देतात ते मुलांच्या उपचारांसाठी, तुमच्या बाल्कनीतल्या खुर्चीसाठी नव्हे. नुसता तिकिटांचा हिशेब करून पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलच्या तिकिटावर ४० टक्के जीएसटी आहे. आधी तो २८ टक्के होता. मूळ किंमत हजार रुपये असलेले तिकीट १,४०० ला पडते. चौघांचे दहा सामने म्हणजे ५६,००० रुपये, आणि त्यातले १६,००० निव्वळ कर. देणगीतून हा खर्च केला, तर आजारी मुलासाठी दिलेला पैसा तिकिटाच्या करात गेला, असा त्याचा अर्थ होतो. खर्च स्वतःच्या खिशातून करा. कंपनीने किंवा एखाद्या दुकानदाराने प्रवास उचलला असेल तर तसे पहिल्याच निवेदनात लिहा. हे आधी सांगितले की लोकांचा हात सैल सुटतो. नंतर कळले की आखडतो.

दुसरी चूक याहून जास्त जण करतात : स्वतःचा क्यूआर कोड वॉट्सअ‍ॅपवर फिरवतात. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली रक्कम ५०,००० च्या वर गेली की ती सगळीच्या सगळी तुमचे उत्पन्न धरली जाऊ शकते, नुसती वरची नव्हे. शिवाय देणगीदाराला ८०जी ची, म्हणजे करसवलतीची पावती मिळत नाही ती वेगळीच. त्यामुळे क्यूआर संस्थेच्या खात्याचाच हवा. यूपीआय करताना शेऱ्यात ‘मैदान’ असा एक शब्द लिहायला सांगा, म्हणजे तुमच्या मोहिमेतून किती आले ते संस्थेला वेगळे काढता येते. हा शब्द निम्मे लोक विसरतात, म्हणून दर सोमवारी संस्थेच्या हिशेबनिसाकडून यादी मागवून आपल्या यादीशी ताडून पाहा.

संस्था निवडताना चार कागद मागा : विश्वस्त संस्था म्हणून नोंदणीचा क्रमांक, १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी देणारी नोंदणी), ८०जी, आणि मागच्या वर्षाचा लेखापरीक्षित ताळेबंद. त्यांचे नाव आणि बोधचिन्ह वापरायची परवानगी लेखी घ्या. देणगीदारांना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. ८०जी ची सवलत जुन्या करपद्धतीतच मिळते आणि रोख देणगी २,००० रुपयांच्या वर असेल तर मिळत नाही. प्रमाणपत्रासाठी देणगीदाराचा पॅन लागतो. तो नंतर गोळा करायला गेलात तर महिना मोडतो.

रोख घ्यायची वेळ आलीच तर संस्थेचे पावतीपुस्तक आणि अधिकारपत्र जवळ हवे. नोंदणी नसलेल्या गटाने स्वतःच्या नावाने वर्गणी काढायची, तर महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्त कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी लागते. गणेशमंडळे घेतात तीच.

निधी उभारणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरून पैसे घेणार असाल तर कपात विचारून घ्या. समजा २ टक्के शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे, तर लाखाला २,३६० रुपये वाटेतच गळतात. संस्थेच्या खात्यावर थेट यूपीआय केले की ही गळती होत नाही.

प्रश्न : नोकरी सांभाळून दहा मैदाने बसवायची कशी? मागच्या वर्षी तीनच झाली. (वाचक, कोल्हापूर)

अडचण कुठे येते ते आधी पाहू. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते. २०२५ चे वेळापत्रक १६ फेब्रुवारीला आले आणि पहिला सामना २२ मार्चला होता, म्हणजे मध्ये जेमतेम ३४ दिवस. सुरुवातीच्या सामन्यांच्या गाड्यांचे आरक्षण तोवर कधीच उघडलेले असते. सामन्याची तिकिटे त्याहून उशिरा, बहुधा थोडेच दिवस आधी विक्रीला येतात आणि प्रत्येक संघाचा विक्रेता वेगळा असतो. म्हणजे गाडी आधी काढायची आणि तिकीट मिळेल या भरवशावर राहायचे. म्हणून प्रत्येक मैदानासाठी एकाऐवजी दोन सामने हेरून ठेवा. प्रत्येक संघ साखळीत १४ सामने खेळतो, त्यातले ७ घरचे असतात, पर्याय सापडतो.

मैदाने गटाने घ्या. दिल्ली, जयपूर आणि नवे चंदीगड हा एक गट, लखनौही त्याला जोडता येते. चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद हा दुसरा. मुंबई आणि अहमदाबाद शनिवार-रविवारी जोडून बसतात. कोलकाता एकटे पडते, त्याला स्वतंत्र रजा ठेवा. घरचे मैदान एकच असते असे धरून चालू नका : २०२५ मध्ये दहा संघांचे सामने तेरा मैदानांवर झाले. राजस्थानचे काही गुवाहाटीला, पंजाबचे धरमशालाला, दिल्लीचे विशाखापट्टणमला. म्हणून निवेदनात ‘दहा मैदाने’ असे न लिहिता ‘दहा संघांचा प्रत्येकी एक घरचा सामना’ असे लिहा, नाहीतर संकल्प पुरा झाला की नाही यावरच वाद.

वानखेडेसाठी एक खास सूचना. मुंबई इंडियन्स दर मोसमात एक सामना वंचित मुलांसाठी ठेवते. २०२५ मध्ये तो २७ एप्रिलला लखनौविरुद्ध होता आणि सुमारे १९,००० मुले स्टँडमध्ये होती. त्या दिवशी इतरांसाठी तिकिटे फारच थोडी उरतात. तो सामना टाळून दुसरा धरा.

संध्याकाळचा सामना साडेसातला सुरू होतो आणि सव्वाअकरा-साडेअकराला संपतो. पाऊस किंवा सुपर ओव्हर (बरोबरी झाल्यावरचे जादा षटक) आली तर मध्यरात्र होते. रात्री एकच्या आतली परतीची गाडी काढू नका. दुपारचे साडेतीनचे सामने हेरा, त्या रात्रीची गाडी निवांत मिळते. वानखेडेहून चर्चगेट पायी गाठता येते. बंगळुरूच्या चिन्नास्वामीला कब्बन पार्क, दिल्लीला दिल्ली गेट आणि अहमदाबादला मोटेरा ही मेट्रो स्थानके जवळची. लखनौचे एकाना शहराबाहेर आहे, तिथे परतीचे वाहन आधीच ठरवून ठेवा. सामना सुटल्यावर अ‍ॅपवर गाडी मिळेल ही आशा धरू नका.

प्रश्न : ‘प्रत्येक षटकारामागे इतके रुपये’ असा संकल्प लोकांकडून घ्यावा का? सोबत सोडतही काढायची आहे. (वाचक, पुणे)

संकल्प जरूर घ्या, सोडत अजिबात नको.

षटकाराचा संकल्प लोकांना आवडतो कारण घरी बसून टीव्ही पाहणाराही मोहिमेत सामील होतो. प्रत्येक चेंडूगणिक त्याचा आकडा हलत असतो. मात्र नियम लेखी हवेत : दोन्ही संघांचे षटकार धरायचे की एकाचेच, नोबॉलवरचा धरायचा का, सुपर ओव्हरमधले वगळायचे का, आणि वाद झाला तर अधिकृत धावफलकच अंतिम. सगळ्यात महत्त्वाची आहे कमाल मर्यादा. २६ एप्रिल २०२४ ला ईडन गार्डन्सवर कोलकात्याच्या २६१ धावा पंजाबने पार केल्या, त्या एका सामन्यात ४२ षटकार बसले. षटकाराला शंभर रुपये बोललेल्या माणसाचे एका रात्रीत ४,२०० झाले असते. असा माणूस पैसे बुडवत नाही, तो फोन उचलणे बंद करतो, आणि पुढच्या वर्षीचा देणगीदार गेला. उलट १५ एप्रिल २०२५ ला नव्या चंदीगडात पंजाब १११ आणि कोलकाता ९५ मध्ये आटोपले. अशा संध्याकाळी निधीत फारसे काही पडत नाही.

म्हणून गणित असे मांडा. सामन्यामागे सरासरी १५ षटकार धरले तर दहा सामन्यांत १५०. षटकाराला २० रुपये म्हणजे माणशी ३,०००. कमाल मर्यादा ३,५०० ठेवा. असे शंभर जण मिळाले तर तीन लाख होतात. पाच लाखांचे लक्ष्य असेल तर उरलेले दोन लाख ठोक देणग्यांतून आणा, सगळा भार षटकारांवर टाकू नका. वसुली शेवटी करू नका. दर दोन सामन्यांनी प्रत्येकाला स्वतंत्र निरोप पाठवा : इतके षटकार, तुमचे इतके रुपये, हा संस्थेचा क्यूआर. मोसम संपल्यावर मागायला गेलात तर क्रिकेटचा ज्वर उतरलेला असतो.

सोडत म्हणजे पैसे घेऊन नशिबाने बक्षीस देणे. ही खासगी लॉटरी झाली, आणि हेतू कितीही चांगला असला तरी कायद्यापुढे तो टिकत नाही. ‘विजेता ओळखा, जमलेल्या रकमेतले अर्धे तुमचे’ हा प्रकार सरळ सट्ट्यात मोडतो. संकल्पात देणाऱ्याला परत काहीच मिळत नाही, म्हणून तो यातून वाचतो.

प्रश्न : मैदानात देणगीची पेटी फिरवता येईल का? संघाचे चिन्ह छापलेले टी-शर्ट घालणार आहोत. (वाचक, ठाणे)

दोन्ही नको. स्टँडमध्ये पैसे गोळा करण्याची परवानगी नसते, सुरक्षारक्षक बाहेर काढतात. संघाचे बोधचिन्ह ही त्यांची नोंदलेली मालमत्ता आहे. साध्या रंगाच्या कापडावर फक्त संस्थेचे नाव आणि मोहिमेचे नाव छापा. सामन्याचे तिकीट लिलावात किंवा बक्षिसात देऊ नका, तिकिटाच्या अटींमध्ये त्याला मनाई असते. सामन्याची चित्रफीत तुमच्या पानावर टाकली तर ती काढून टाकली जाते, कधी पानही बंद होते. आपले चेहरे, फाटक, फलक यांची छायाचित्रे पुरतात.

पाटी न्यायची तर पुठ्ठ्याची, काठी नसलेली, मागच्याचा सामना न अडवणारी. तिच्यावर मोठ्या अक्षरांत चार-पाच शब्द आणि संस्थेचे नाव. क्यूआर पाटीवर छापू नका : कॅमेरा दुरून तो पकडत नाही, आणि फाटकावर जाहिरात समजून पाटी काढून घेतात. पाण्याची बाटली, पॉवर बँक, छत्री, सेल्फी स्टिक, हेल्मेट हे सगळे फाटकावर अडते, आणि सामान ठेवायची सोय असेलच असे नाही. स्थानकावरून थेट जाणार असाल तर पिशवी रेल्वेच्या क्लोकरूममध्ये ठेवा; तिथे बहुधा पिशवीला कुलूप असल्याशिवाय घेत नाहीत, म्हणून छोटे कुलूप जवळ असू द्या. पॉवर बँक नेता येत नाही आणि तिकीट मोबाइलवर, त्यामुळे फाटकापाशी फोन बंद पडणे ही नेहमीची फजिती. आत शिरेपर्यंत फोन विमान स्थितीत ठेवा. तिकीट फाटकावर नेटवरूनच उघडावे लागणार असेल तर रांगेत आत शिरण्याआधी फोन सुरू करून ते पडद्यावर आणून ठेवा.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. बेसबॉलची तीसही मैदाने पाहून साताऱ्याजवळच्या एका शाळेसाठी निधी जमवायचा आहे. (वाचक, अमेरिका)

तुमच्या बाबतीत सामने सोपे आहेत, पैसे भारतात पोहोचवणे अवघड. अमेरिकी नागरिकाने दिलेला डॉलर भारतात ‘परदेशी योगदान’ ठरतो, देणारा मूळचा साताऱ्याचा असला तरी. तो फक्त एफसीआरए (परदेशी योगदानाचा कायदा) खाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येतो, तोही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेल्या पैशाला हे बंधन नाही. शाळेच्या संस्थेकडे ही नोंदणी नसेल तर भारतात काम करणारी, अमेरिकेत ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त सेवाभावी संस्थेचा दर्जा असलेली संस्था गाठा. अमेरिकेतल्या देणगीदाराला करसवलतही तिच्याच पावतीवर मिळते, परदेशातल्या संस्थेला थेट दिल्यास नाही.

गटाने तिकिटे घेऊन ती देणगीसह विकणार असाल तर ३० डॉलरचे तिकीट ५० ला दिल्यावर सवलत फक्त वरच्या २० वर मिळते. एकूण रक्कम ७५ डॉलरच्या वर गेली तर हे लेखी कळवणे संस्थेवर बंधनकारक आहे. तीस संघांतला एक टोरांटोचा, म्हणजे कॅनडातला, त्यामुळे व्हिसावर असलेल्यांनी परतप्रवेशाची कागदपत्रे आधी पाहावीत. पावसाने सामना वाहून गेला तर बहुधा पैसे परत मिळत नाहीत, पुन्हा होणाऱ्या सामन्याचे तिकीट मिळते. लांबून आलेल्याला त्याचा उपयोग नाही. एक जास्त फलदायी मार्ग सुचवतो : बऱ्याच मैदानांवर खाद्यपदार्थांचे गाळे सेवाभावी संस्थांचे स्वयंसेवक चालवतात आणि विक्रीतला ठरलेला हिस्सा संस्थेला मिळतो. तीस मैदाने फिरण्याइतका वेळ हाताशी असेल तर त्यातल्या काही संध्याकाळी गाळ्यावर द्या.

प्रश्न : सामना रद्द झाला तर देणगीदारांना काय सांगायचे? (वाचक, नागपूर)

२०२५ मध्ये हे घडले. ८ मेचा धरमशालाचा सामना अर्ध्यावर थांबवला, ९ मेला स्पर्धाच स्थगित झाली, १७ मेला पुन्हा सुरू झाली, आणि कोलकात्याला ठरलेला अंतिम सामना ३ जूनला अहमदाबादला झाला. एकही चेंडू न पडता सामना रद्द झाला तर तिकिटाचे पैसे सहसा परत मिळतात, एक चेंडू जरी पडला तर नाही. प्रवासाचे गेले ते गेले. ते तुमच्या खिशातले होते म्हणून देणगीदाराला त्याची झळ नाही. षटकारांच्या संकल्पासाठी नियमातच एक ओळ घाला : रद्द झालेल्या सामन्याऐवजी त्या संघाचा पुढचा घरचा सामना धरला जाईल, तुम्ही तिथे प्रत्यक्ष हजर असा वा नसा. त्याच दिवशी रात्री सर्वांना निरोप पाठवा आणि त्यात तोवर संस्थेच्या खात्यावर जमा झालेली रक्कम लिहा.