घरच्या सुतारकामासाठी सर्क्युलर सॉ आणि त्याचे पाते कसे निवडावे?

आपल्याला घरी 19 मिमी प्लायचे पुस्तकांचे कपाट आणि अभ्यासाचे टेबल करायचे आहे, आणि दुकानदाराने चार इंची मार्बल कटरलाच लाकडाचे पाते लावून कमी पैशांत काम भागवायला सांगितले आहे. हा सल्ला कृपया मानू नका. मार्बल कटर फरशी कापण्यासाठी घडवलेला असतो. त्याचे पाते मिनिटाला 12 ते 13 हजार फेरे घेते, आणि बहुतेक कटरांना काप संपताच पात्यावर आपोआप येणारे खालचे झाकण नसते. दात्यांचे पाते लाकडात चिमटले गेले, की यंत्र उसळून आपल्या अंगावर येते आणि त्या क्षणी पाते उघडेच फिरत असते. अनेक कसबी सुतार तो रोज वापरतात हे खरे, पण म्हणून नवशिक्याने त्यावर हात बसवू नये.

आपल्या कामाला सव्वासात ते साडेसात इंची, म्हणजे 184 ते 190 मिमी पात्याचा आणि 1100 ते 1400 वॉटचा सर्क्युलर सॉ (गोल पात्याची विजेची करवत) पुरेसा आहे. दुकानात वॉटचे आकडे पाहण्यापेक्षा तळपट्टी, म्हणजे सॉची लाकडावर टेकणारी पट्टी, पाहावी. ती सपाट आणि जाड हवी, बोटांनी दाबल्यावर लवता कामा नये. प्लग काढलेला असताना पात्याच्या एका दात्यावर खूण करावी, तो दाता पुढे आणून तळपट्टीच्या कडेपासूनचे अंतर मोजावे, मग पाते फिरवून तोच दाता मागे नेऊन पुन्हा मोजावे. दोन्ही मापे जुळली नाहीत आणि तळपट्टी सरळ करण्याची सोयही नसली, तर तो सॉ घेऊ नये, कारण असे पाते लाकडात तिरके घासत जाते. खालचे झाकण हाताने उघडून सोडल्यावर झटकन मिटते का, हेही पाहावे. 1400 वॉटचा सॉ 230 व्होल्टवर सुमारे 6 अँपिअर खेचतो आणि सुरू होताना त्याहून बराच जास्त, म्हणून तो 16 अँपिअरच्या सॉकेटवर चालवावा.

माझ्या मते खरा खर्च पात्यावर करावा. सॉबरोबर बहुधा कमी दात्यांचे पाते मिळते. 24 दाते लाकूड रेषेत उभे चिरायला उत्तम, पण प्लायचा आडवा काप घेताना ते वरचा पापुद्रा ओरबाडतात. प्लाय आणि सनमायकासाठी 60 दात्यांचे टीसीटी (टंगस्टन कार्बाइडच्या टोकांचे) पाते घ्यावे, आणि एकाच पात्यावर सगळे भागवायचे असेल तर 40 दात्यांचे. वॉटरप्रूफ प्लायमधला डिंक इतका कडक असतो, की साध्या पोलादी दात्यांची धार लवकर जाते. टीसीटी पात्याच्या टोकांवरचे कार्बाइड मात्र टिकते. पात्याचे मधले भोक आपल्या सॉच्या पाते फिरवणाऱ्या दांड्याला नेमके बसले पाहिजे, आणि पात्यावर छापलेली फेऱ्यांची मर्यादा सॉच्या फेऱ्यांपेक्षा जास्त असली पाहिजे.

हातातल्या सॉचे दाते खालून वर कापत येतात, त्यामुळे कड वरच्या बाजूला फुटते. म्हणून प्लायची चांगली बाजू खाली ठेवावी. पाते प्लायच्या खाली जेमतेम 5 मिमी उतरेल इतकीच खोली ठेवावी. अॅल्युमिनियमची सरळ चौकोनी नळी शिकंज्यांनी आवळून तिच्या आधाराने सॉ चालवला, की आठ फुटांचा कापही सरळ येतो. प्लायखाली थर्माकोलची जाड शीट अंथरली, तर काप संपताना दोन्ही तुकडे आपापल्या जागी राहतात आणि पाते चिमटले जात नाही. गॉगल, मास्क आणि कानांचे संरक्षण हवेच. हातमोजे मात्र घालू नयेत, ते पात्यात ओढले जाऊ शकतात.

काही दिवसांनी कापाची कड काळपट जळू लागली, तर लगेच नवे पाते घेऊ नका. दात्यांमागे डिंकाचा तपकिरी थर साचला आहे का, ते आधी पाहा. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून ब्रशने घासल्यास तो निघतो. त्यानंतरही कड जळली, तर टीसीटी पात्यांना धार लावणाऱ्याकडे पाते द्यावे.