वाळवून भरलेल्या मक्याच्या वरच्या थरालाच बुरशी का येते? कोठीचं छप्पर गळत असेल का?

मका नीट वाळवला, मीटरवर 13 टक्के ओलावा बघून पत्र्याच्या कोठीत भरला, तरी थंडीत वरचा वीतभर थर सादळून बुरशी आली. आता छप्पर बदलावं, महागातलं मीटर घ्यावं की झाकणाला भोकं पाडावीत, असं तुम्ही विचारलंय.

छपराला हात लावू नका. निदान खाली सांगतो ती एक गोष्ट करून बघेपर्यंत तरी नको.

खरं तर मी उत्तरं लिहायच्या भानगडीत पडत नाही. पण छपराचं नाव वाचलं आणि राहवलं नाही, कारण याच एका मुद्द्यावरून माझं आणि आमच्या दादाचं अजून पटलेलं नाही. आमच्या मोठ्या कोठीत अगदी हेच व्हायचं. भरताना दाणा खडखडीत. थंडी सरत आली की वर पापुद्रा धरलेला, त्यात पांढरट जाळं, कोंदट वास. आणि त्याखाली हातभर उकरलं की दाणा जसाच्या तसा. दादाचं निदान ठरलेलं, पत्रा गळतोय. तो डांबराचा डबा घेऊन वर चढला आणि एकूण एक सांधा बुजवून आला. पुढच्या थंडीत पुन्हा तोच पापुद्रा. मग म्हणे डांबरच हलक्या प्रतीचं निघालं. मी म्हटलं, "अरे दादा, पाऊस थांबून किती दिवस झाले, आता गळेल काय?" तर पावसाळ्यात मुरलेलं पाणी आता उतरतंय, हे उत्तर. यावर माणसाने काय बोलावं?

पाणी वरून येतच नव्हतं. ते दाण्यातलंच होतं, फक्त जागा बदलत होतं.

धान्यातून उष्णता फार सावकाश जाते. उन्हात तापलेला दाणा तसाच भरला की राशीचा गाभा कित्येक आठवडे, मोठी कोठी असेल तर महिनोन् महिने, गरम राहतो. बाहेर थंडी पडली की पत्र्यालगतचा दाणा गार होतो. तिथली हवा जड होऊन खाली सरकते, मधली गरम हवा वर चढते, आणि चढताना गाभ्यातल्या दाण्यांचा ओलावा सोबत घेऊन येते. वर तिला गार थर आणि गार पत्रा भेटतो. आकडाच हवा असेल तर असा: 35 अंशांची, 65 टक्के आर्द्रतेची हवा साधारण 27 अंशांपर्यंत निवली की तिच्यातून पाणी सुटायला लागतं. थंडीतल्या रात्री पत्रा 27 अंशांच्या कितीतरी खाली जातो. म्हणजे सगळी रास सरासरीने 13 टक्क्यांवर असली तरी वरचा थर 16-17 वर जाऊ शकतो. बुरशी सरासरी बघत नाही. दाण्यांमधल्या हवेची आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर गेली की ती धरते. पुढे तर बुरशी स्वतःच श्वसन करते, त्यातून आणखी पाणी आणि आणखी उष्णता निघते, आणि ते चक्र आपोआप चालू राहतं.

हे सगळं दादाला समजावून झालं. पुस्तकी ज्ञान म्हणाला. मग मी छपराच्या खाली, पण धान्याला न टेकवता, प्लास्टिकचा कागद ताणून बांधला. पत्रा गळत असेल तर कागदाच्या वरच्या अंगाला पाणी साचेल, धान्यातून येत असेल तर खालच्या अंगाला. काही थंड रात्री जाऊ दिल्या आणि सकाळी त्यालाच वर चढवलं. कागद वरून कोरडा ठणठणीत, खालून थेंबच थेंब. वहिनी खाली उभ्या होत्या, त्यांनी विचारलंसुद्धा, "मग आता काय म्हणणं आहे?" दादा उतरला आणि म्हणाला, "दव असेल." बंद कोठीत, कागदाच्या खालच्या अंगाला, दव!

तुम्ही हीच परीक्षा करा. दमडीचाही खर्च नाही.

उपाय एकच, दाणा गार करून भरा आणि थंडी वाढेल तसा गार करत न्या. उन्हातून उचलून थेट कोठीत ओतणं बंद. वाळलेला दाणा सावलीत पसरून निवू द्या. मोठ्या कोठीला पंखा असेल तर बाहेरची हवा धान्यापेक्षा 5-6 अंशांनी गार आणि कोरडी असताना तो चालवा, दमट हवेत नाही. पंखा नसेल तर थंडीच्या सुरुवातीला कोरडा दिवस बघून रास बाहेर काढा, खालीवर करा, पुन्हा भरा. कंटाळवाणं काम आहे, पण डांबर लावण्यापेक्षा बरं. भरल्यावर मधला उंचवटा सपाट करा. ओतताना तुकडा आणि भुसा बरोबर मध्यभागी गोळा होतो, त्यातून हवा जात नाही आणि बुरशी आधी तिथेच धरते.

आता मीटर. दादाच्या मते दाणा दाताखाली कट्ट वाजला की झालं. दाताला ओला आणि वाळलेला एवढंच कळतं. 13 आणि 15 मधला फरक त्याला कळत नाही, आणि सगळं नुकसान तर त्याच दोन टक्क्यांत असतं. मीठ दातापेक्षा बरं: काचेच्या कोरड्या बरणीत दाणे आणि कोरडं मीठ घालून हलवा, थोडा वेळ ठेवा, मीठ काचेला चिकटलं तर ओलावा 15 च्या वर. पण त्याखालचं काही ते सांगत नाही. मीटर कुठल्याही बऱ्या कंपनीचं चालेल, महागाचाच हट्ट नको. फक्त उन्हातून आणलेल्या गरम दाण्यावर लावू नका. तेव्हा वरचं साल वाळलेलं आणि आतला भाग ओला असतो, आकडा कमी दिसतो. तुमचे 13 टक्के असेच आले असतील, असा माझा संशय आहे. आणि परखी, म्हणजे राशीतून नमुना काढायची टोकदार नळी, चार ठिकाणी, वेगवेगळ्या खोलीवर खुपसा. 11 आणि 15 ची सरासरी 13 येते खरी, पण खराब व्हायचा तो 15 वाला भाग होतोच.

दादाचा शेवटचा आक्षेप वजनाचा असतो: एवढं वाळवलं तर घट येते. येते ना! 100 किलो मका 15 वरून 13 टक्क्यांवर आणला की 97.7 किलो भरतो. गेलं ते पाणी. आमच्याकडे दरवर्षी वरचा पापुद्रा खरवडून फेकायचा, त्याचं वजन मात्र दादाने कधी केलं नाही.

झाकणाला भोकं? घरगुती लहान कोठी असेल तर नकोत, दमट हवा आणि किडे दोन्ही आत येतील. पंखा लावलेल्या मोठ्या कोठीला वर हवा निघायला वाट लागतेच. तुमची कोठी केवढी ते तुम्ही लिहिलेलं नाही. 13 हा आकडाही मक्याचा, आणि तोसुद्धा काही महिन्यांसाठीच. वर्षभर ठेवायचा तर 12 च्या आसपास आणा. भुईमुगासारख्या तेलबियांना तर 7-8 च हवेत, त्यांना हा हिशोब लावू नका.

छप्पर कधीच गळत नसतं असं मी म्हणत नाही. गळतीची खूण निराळी असते. एका जागी डाग, आणि तिथून ओल खाली खोलवर गेलेली. सगळीकडे सारखा थर असेल, मध्यभागी जास्त, तर ते पाणी धान्यातलंच.

बुरशी आलेला थर चांगल्यात मिसळू नका, जनावरांनाही घालू नका. अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीने दाण्यात सोडलेलं विष, वाळवून किंवा भाजून नीट जात नाही, आणि दुधातही उतरतं. आणि पापुद्रा काढायला उंच कोठीत एकट्याने उतरू नका. खालून धान्य काढलेलं असेल तर पापुद्र्याखाली पोकळी असते आणि पाय टाकताच माणूस आत जातो. बाहेरून लांब काठीने फोडा.