२८ स्लाइड आणि १० मिनिटे

एम.एस्सी. प्रकल्पातील जीएमआरटीच्या (पुण्याजवळ खोडद येथील रेडिओ दुर्बिणीच्या) निरीक्षणांवर परिषदेत १० मिनिटे बोलायचे आहे, त्यानंतर २ मिनिटे प्रश्नोत्तरे आहेत आणि तयार झालेल्या २८ स्लाइडपैकी कोणत्या गाळाव्यात, असे आपण विचारले आहे. माझ्या मते गाळण्यापासून सुरुवात करूच नये. आधी कोऱ्या कागदावर निष्कर्षाचे एक वाक्य लिहावे. आपल्या वर्णनावरून ते साधारण असे होईल: या रेडिओ दीर्घिकेच्या बाहेरच्या लोबमधील (केंद्राच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या रेडिओ-उत्सर्जक ढगांमधील) इलेक्ट्रॉन आतल्या लोबमधल्यांपेक्षा जुने आहेत, म्हणजेच केंद्रातील सक्रियता मध्यंतरी थांबून पुन्हा सुरू झाली असावी. हे वाक्य ज्या एका चित्रावर उभे आहे, तो ४०० आणि ६५० मेगाहर्ट्झमधील स्पेक्ट्रल इंडेक्सचा (वारंवारतेनुसार तेजस्विता किती बदलते ते सांगणाऱ्या आकड्याचा) नकाशा, पाचव्या मिनिटापूर्वी पडद्यावर आला पाहिजे. त्याच्या आधीचे सारे त्याच्यापर्यंत पोहोचण्यापुरतेच असावे.

त्यामुळे खोडदच्या ३० अँटेनांची छायाचित्रे आणि कॅलिब्रेशनच्या (मोजमापे प्रमाणित करण्याच्या) पायऱ्या आपोआप बाहेर पडतात. त्यांच्या जागी निरीक्षणाचा काळ, विभेदन (किती बारीक तपशील वेगळा दिसतो) आणि नॉइज सांगणारी एक ओळ पुरे. मात्र सत्रात सूर्य किंवा ताऱ्यांवर काम करणारेही असतील, तर अधिक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सिंक्रोट्रॉन उत्सर्जनाने (चुंबकीय क्षेत्रात फिरताना होणाऱ्या उत्सर्जनाने) आपली ऊर्जा लवकर गमावतात आणि म्हणून जुना लोब उच्च वारंवारतेला आधी मंदावतो, हे एक वाक्य कंजुषी न करता सांगावे.

प्रबंधातले चित्र जसेच्या तसे उचलू नये. अक्षरे मोठी करावीत, कोपऱ्यातला बीम (एखादा बिंदू नकाशात केवढा दिसतो ते दाखवणारी आकृती) ठळक करावा आणि इंद्रधनुषी ‘जेट’ रंगपट्टी टाळावी, कारण ती नसलेल्या कडा दाखवते. चित्र आल्यावर रंग काय दर्शवतात ते आधी सांगावे आणि अर्थ नंतर लावावा.

खरी तयारी प्रश्नांची आहे. दोन्ही नकाशे समान बीम आणि समान यूव्ही-व्याप्ती (अँटेनांच्या जोड्यांमधील, तरंगलांबीत मोजलेल्या अंतरांची व्याप्ती) ठेवून केले आहेत का, असे कोणीतरी विचारेलच. ६५० मेगाहर्ट्झला पसरट, अंधूक उत्सर्जन निसटले असेल, तर बाहेरचा लोब उगाच ‘जुना’ दिसतो आणि निष्कर्षच डळमळतो. म्हणून ही तपासणी स्लाइडला हात लावण्यापूर्वीच व्हावी. दुसरा प्रश्न अनिश्चिततेचा. दोन्ही वारंवारतांच्या फ्लक्समध्ये (मोजलेल्या रेडिओ तेजस्वितेमध्ये) प्रत्येकी १० टक्के अनिश्चितता धरली, तर एवढ्या जवळच्या वारंवारतांमुळे इंडेक्समध्ये सुमारे ०.३ची अनिश्चितता येते. याचे उत्तर असे, की फ्लक्सच्या मोजपट्टीतली चूक संपूर्ण नकाशाला सारखीच सरकवते, त्यामुळे आतल्या व बाहेरच्या लोबमधला फरक टिकतो. हे गणित शेवटच्या स्लाइडच्या मागे राखीव ठेवावे.

भाषण इंग्रजीत असल्याने, विशेषतः मराठी माध्यमातून आलेल्यांनी, पहिली दोन-तीन वाक्ये तोंडपाठ करावीत. पुढचे पाठ करू नये. एक शब्द अडला की सगळे अडते. उभे राहून, मोठ्याने, आपल्या गटाबाहेरच्या एखाद्या मित्रासमोर सराव करावा आणि नऊ मिनिटांत संपवावे, कारण सत्राध्यक्ष उशीर प्रश्नांच्या वेळातूनच कापतात. शेवटी ‘धन्यवाद’ची स्लाइड नको. प्रश्न चालू असताना पडद्यावर निष्कर्ष आणि तो नकाशाच राहू द्यावा.