गुरूवर ऊन इतकं कमी, मग वरची हवा एवढी तापते कशाने?

दादा, तुम्ही विचारलंय की गुरूवर ऊन आपल्या सत्ताविसाव्या हिश्श्याइतकं, तरी त्याच्या वातावरणाचा अगदी वरचा थर शेकडो अंश तापलेला, हे कसं? आणि मग सूर्य तिथे करतो तरी काय?

उन्हाचा कुठला भाग कुठल्या उंचीवर अडतो, तिथून सुरुवात करू. दिसणारा प्रकाश बराचसा ढगांपर्यंत जातो; त्यातला जो परत फिरतो तोच आपल्याला दुर्बिणीत दिसतो. अवरक्त किरणांचा काही भाग ढगांच्या वरचा मिथेन शोषून घेतो. त्यामुळे ढगांच्या थोडं वर उणे १६० अंश सेल्सिअसच्या आसपास असलेलं तापमान आणखी वर उणे ११० पर्यंत चढतं. इथवर सूर्याचा हिशेब जुळतो.

त्याच्या कितीतरी वरच्या थरात मात्र नुसत्या उन्हावर उणे ७० अंशांच्या आसपास तापमान असायला हवं, आणि मोजलं तर ४०० च्या वर भरतं. १९९५ मध्ये गॅलिलिओ यानाची कुपी गुरूच्या वातावरणात उतरली, तिनेही वरची हवा अशीच तापलेली असल्याचं दाखवलं. ही जास्तीची उष्णता येते ध्रुवीय प्रकाशातून. गुरूच्या प्रचंड चुंबकीय क्षेत्रातले कण ध्रुवांवर आदळतात आणि तिथली हवा तापते. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो. इतक्या वेगामुळे वारे पूर्व-पश्चिम वळतात आणि ध्रुवावरची उष्णता तिथेच अडकते, असा जुना आक्षेप होता. खगोलशास्त्रज्ञ जेम्स ओडोनह्यू आणि सहकाऱ्यांनी हवाईतल्या केक दुर्बिणीने तापमानाचा तपशीलवार नकाशा केला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे तापमान हळूहळू उतरत गेलेलं दिसतं, म्हणजे उष्णता विषुववृत्ताकडे पसरते आहे.

पण हे तापमान मोजलं ज्याच्या आधारे, त्यात सूर्याचा हात आहेच. अतितीव्र अतिनील किरण हायड्रोजनच्या रेणूतला इलेक्ट्रॉन उडवतात, आणि तो भारित रेणू शेजारच्या हायड्रोजनशी भिडून तीन अणूंचा आयन बनतो. ध्रुवांवर हेच काम आदळणारे कण करतात. हा आयन अवरक्तात चमकतो. त्या चमकेवरून तापमान काढता येतं, आणि त्याच वाटेने उष्णता अवकाशात निघूनही जाते. गुरूचा तापमापक आणि थंडावा एकाच आयनात, हे मला फार सुंदर वाटतं.

गुरूच्या वरच्या हवेत सूर्य तापवण्यापेक्षा घडवण्याचं काम जास्त करतो, असं माझं मत आहे. अतिनील किरण मिथेन तोडतात, त्या तुकड्यांतून इथेन आणि ॲसिटिलीन तयार होतात, पुढे मोठे रेणू जुळून धुरकं साचतं. शनीवर हे रंगातून दिसलं. कॅसिनी यान २००४ मध्ये पोचलं तेव्हा उत्तरेत हिवाळा होता आणि तो गोलार्ध निळसर होता. ऑगस्ट २००९ पासून उत्तर ध्रुवावर ऊन येऊ लागलं, आणि २०१२ ते २०१६ च्या दरम्यान तिथला षटकोन, म्हणजे ध्रुवाभोवतीचा वाऱ्यांचा सहा बाजूंचा पट्टा, निळसरचा सोनेरी झाला. तुमच्या बागेत उन्हाकडच्या घडाचे मणी पिवळट होतात आणि पानाआडचे हिरवे राहतात, तसंच. गुरूचा आस जेमतेम तीन अंश कललेला, म्हणून तिथे ऋतूंचा असा खेळ दिसत नाही.

तुमची दुर्बीण आठ इंची असेल तर ८८९ नॅनोमीटरचा मिथेन फिल्टर मागवा. त्या तरंगलांबीला खोल गेलेला प्रकाश मिथेन गिळतो, फक्त उंचावरच्या धुरक्यावरून परतलेला उरतो. म्हणून दोन्ही ध्रुव आणि तांबडा डाग उजळ दिसतात. फिल्टर फार अंधारा असतो, एक्सपोजर नेहमीपेक्षा बरंच वाढवावं लागेल, आणि कॅमेरा एकरंगी हवा. निफाडला थंडीत गुरू डोक्यावर आला की आधी दुर्बीण तासभर बाहेर ठेवून गार होऊ द्या, मगच फोटो घ्या. ध्रुवांवरचा उजेड उत्तरेला जास्त आहे की दक्षिणेला, ते इथे सांगा.