सीए झाली नाही, तर बी.कॉम. वाया?

प्रश्न: बार्शी तालुक्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, शिक्षण मराठी माध्यमातून, पहिल्या वर्षी ६१ टक्के. नातेवाईक म्हणतात, सीए केलं नाही तर कॉमर्सला किंमत नाही. पुण्यातला क्लास आणि वसतिगृह मिळून लाखाच्या पुढे जातं. इथला एक क्लास १८ हजारांत टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) शिकवून नोकरीची हमी देतोय. त्यात आता हिशेबाची कामं एआयच करणार, असंही कानावर येतं. काय करावं? – एक पालक

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आधी त्या हमीच्या नोकरीचं बोलू. ती मिळतेही, पण बहुतेक वेळा समोर बिलांचा गठ्ठा ठेवून दिवसभर एन्ट्र्या टाकायची. एआयबद्दल तुमच्या कानावर जे आलंय, ते नेमकं याच कामाबद्दल खरं आहे. बिलाचा फोटो वाचून नोंद तयार करणारी सॉफ्टवेअरं आली आहेत, बँकेचं स्टेटमेंटही थेट टॅलीत उतरवता येतं. तेव्हा १८ हजार भरू नका. टॅलीची शैक्षणिक आवृत्ती फुकट मिळते. तिच्यात महिन्यातल्या ठरावीक तारखांच्याच नोंदी करता येतात, पण हात बसायला तेवढं पुरतं.

आणि शिकायला दुकान तुमच्या घरचंच आहे. कृषी सेवा केंद्राइतका चांगला जीएसटीचा धडा मला तरी दुसरा सुचत नाही. पेरणीच्या बियाण्यावर कर नाही, खतावर ५ टक्के, बहुतेक रासायनिक कीटकनाशकांवर १८ टक्के. एकाच शेतकऱ्याच्या एकाच बिलात तिन्ही असतात. आता मुलीला विचारा, कर सल्लागाराच्या फीवर आपण जो जीएसटी भरतो, तो सगळा आपल्याला भरायच्या करातून वजा मिळेल का? (दुकान कंपोझिशन योजनेत, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरण्याच्या योजनेत, नसेल असं धरून चाललो आहे.) उत्तर आहे, नाही. विक्रीतला काही भाग करमुक्त बियाण्याचा आहे, त्या प्रमाणात क्रेडिट, म्हणजे ही वजावट, सोडावं लागतं. हे तिनं स्वतः आकडे मांडून काढलं, तर परीक्षेत त्या प्रकरणाची भीती राहणार नाही.

पुढची पायरी बिलं जुळवण्याची. पुरवठादारानं आपलं बिल त्याच्या रिटर्नमध्ये दाखवलंच नाही, तर त्यावरचा कर आपल्याला वजा मिळत नाही. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांचं टू-बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) १४ तारखेला तयार होतं आणि थ्री-बी (आपलं महिन्याचं रिटर्न) २० तारखेपर्यंत भरायचं असतं. मधल्या दिवसांत खरेदीची बिलं टू-बीशी लावायची, जी सापडत नाहीत त्यांच्यासाठी डीलरला फोन करायचा, आणि त्याला न दुखावता पण ठामपणे बोलायचं. हे फोनवरचं बोलणं कुठल्याच अभ्यासक्रमात नाही आणि प्रत्येक कर सल्लागाराच्या ऑफिसात लागतं.

मग उधारी. खरिपात दिलेला माल सोयाबीन विकल्यावर वसूल होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. 'येणं आठ लाख' एवढं सांगणारा माणूस कारकून राहतो. त्यातलं ९० दिवसांच्या वरचं किती, कुणाकडे, आणि त्यामुळे पुढच्या हंगामाचं खत उचलायला रोख किती कमी पडेल, हे जी सांगते तिला कुठलाही मालक जाऊ देत नाही. त्यासाठी एक्सेलमधलं पिव्होट टेबल, एक्सलुकअप आणि सम-इफ्स एवढं पक्कं हवं. बँकेची जुळवणी आणि तेरीज तर तिला झोपेतही यायला हवी.

आता सीए. पदवीला ५५ टक्के असतील तर कॉमर्स पदवीधराला फाउंडेशन ही पहिली परीक्षा द्यावी लागत नाही, थेट इंटरमिजिएट या पुढच्या टप्प्याला प्रवेश मिळतो. म्हणजे आत्ता धावपळ करण्याचं कारण नाही, टक्के सांभाळावेत. इंटरचे दोन ग्रुप, प्रत्येक पेपरला किमान ४० आणि ग्रुपची सरासरी ५० टक्के. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, २०२३च्या नव्या योजनेत तीनवरून दोन वर्षांवर आली. परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. मराठी माध्यमाच्या मुलांना आकडेमोड जड जात नाही. कायदा आणि ऑडिटच्या पेपरात लांब उत्तरं लिहिताना ती अडतात. म्हणून पाठांतरापेक्षा रोज एक पान इंग्रजी लिहिण्याची सवय आजपासून लावावी. सीए इन्स्टिट्यूटचं अभ्यास साहित्य आणि ऑनलाइन थेट वर्गही मोफत आहेत, तेव्हा पुणे गाठायचंच असेल तर आर्टिकलशिपसाठी गाठावं. आणि इंटरला किती वेळा बसायचं, हे फॉर्म भरण्याआधी घरात ठरवा. 'आता एकच ग्रुप राहिलाय' म्हणत सहा-सात वर्षं काढलेली हुशार मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या हातात ना पदवीनंतरचा अनुभव असतो, ना सर्टिफिकेट.

सीएमए, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटच्या अभ्यासक्रमालाही पदवीनंतर थेट इंटरला जाता येतं. कारखान्यातला उत्पादन खर्च काढण्यात रस असेल तर तो अभ्यासक्रम पाहावा. खासगी साखर कंपन्यांना खर्चाचे हिशेब ठेवण्याचे नियम लागू आहेत, औषध कंपन्यांनाही.

नातेवाईक ज्याचं नावही घेणार नाहीत, ती परीक्षा म्हणजे जी.डी.सी. अँड ए. (गव्हर्नमेंट डिप्लोमा इन को-ऑपरेशन अँड अकाउंटन्सी). सहकार खात्याची ही पदविका कुठल्याही पदवीधराला देता येते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०प्रमाणे प्रत्येक संस्थेचं दरवर्षी लेखापरीक्षण व्हावं लागतं. प्रमाणित लेखापरीक्षक होण्यासाठी पदवी, ही पदविका, संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचं कामापुरतं ज्ञान लागतं. हो, मराठीचं ज्ञान ही कायद्यातली अट आहे! आपल्याकडे पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संस्था गावोगाव आहेत. बार्शीत राहून स्वतःचं ऑफिस टाकायचं असेल, तर माझ्या मते हा रस्ता सीएच्या खालोखाल नाही, वेगळा आहे. पदवीनंतर जीएसटी प्रॅक्टिशनर (दुसऱ्यांची जीएसटी रिटर्न भरून देणारा) म्हणून नोंदणी केली की दोन्ही कामं एकमेकांना धरून चालतात.

सरकारी नोकरी हवी असेल तर एमपीएससीची राज्यकर निरीक्षक पदाची परीक्षा आहे, केंद्रात ऑडिट खात्यासाठी एसएससी सीजीएल ही पदवीधरांची परीक्षा. तो अभ्यास मात्र स्वतंत्र आहे, सीएबरोबर जमेल असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका.

तुमच्या पत्रात फी आहे, नातेवाईक आहेत, एआय आहे. मुलीला काय आवडतं याची एक ओळ नाही. तिला विचाराच, पण तिच्याकडेही आज उत्तर नसेल. सप्टेंबरात ऑडिटची घाई असते तेव्हा तुमच्या कर सल्लागाराकडे तिला महिनाभर बसू द्या, बिनपगारी असलं तरी चालेल. रात्री आठला ताळेबंदात शंभर रुपयांचा फरक निघाल्यावर ती तो शोधत बसते की घड्याळाकडे बघते, हे तिलाच कळेल. वसतिगृहाची अनामत तोपर्यंत भरू नका.