लकीतली ‘इतका’ शोधताना

लकी या इराणमधल्या भाषेत ‘हसनइतका उंच’ कसं म्हणतात हे शोधायचंय ना, मग आधी फारसी बाजूला ठेवा. इराणच्या लोरेस्तान, केरमानशाह, इलाम भागात लकी बोलणाऱ्यांना फारसी येतेच. ‘अली बे अंदाझेये हसन बोलंद अस्त’ (अली हसनइतका उंच आहे) हे फारसी वाक्य देऊन ‘लकीत सांगा’ म्हणालात, तर फारसीच्या साच्यातलंच उत्तर हाती येण्याची भीती. त्यापेक्षा सारख्या लांबीच्या दोन काठ्या समोर ठेवा आणि गप्प बसा. बोलू द्या त्यांना.

पहिलं उत्तर मिळालं की वही मिटू नका. फारसीतच बघा, ‘अंदाझेये’ची रचना आहे, ‘हमकद’ (सारख्या उंचीचा) असा जोडशब्द आहे, आणि ‘दोघांची उंची एकच आहे’ असं साधं विधानही चालतं. त्यात तुलनेची खूणच नाही. लकीतही गुणाचा शब्द विशेषण आहे की नाम, आणि बरोबरीची खूण नेमकी कशाला लागलीय, हे दर वेळी तपासा. आपल्याकडे ती ज्याच्याशी तुलना त्यालाच चिकटते, वर लिंगही बदलते: हसनइतका, हसनइतकी. ही आपली सवय तिकडे लादू नका.

‘सिंहासारखा शूर’ वेगळं टिपा. तिथे मोजमाप नसतं.

नकार तर विचाराच, नवखे हमखास विसरतात. ‘अली हसनइतका उंच नाही’ म्हटलं की आपण अली हसनपेक्षा बुटका समजतो, पण ‘इतका’ म्हणजे ‘नेमका तेवढाच’ धरलं, तर तो जास्त उंच असला तरी ‘इतका’ नाहीच की! लकी बोलणारे काय समजतात, ते आखूड आणि लांब काठी आलटूनपालटून दाखवून पाहा.